कुंकवाखालचा नंबर

१

"प्रियंकाताई, ही गाडी भंगारात घातली तर किलोमागे काय भाव येईल?"

हा प्रश्न माझा नाही. माझ्या वर्गातल्या तेजल आणि प्रांजलने मला पैज घातली होती, की बाबांसमोर, सगळ्यांच्या देखत, हसू न येता हे विचारून दाखव. मागच्या वर्षीपर्यंत मी वर्गात हजेरी द्यायलासुद्धा घाबरायचे. या वर्षी नववीत आले, वक्तृत्वात पहिली आले, आणि आता मला काहीही विचारता येतं. त्यामुळे विचारलं.

आम्ही सगळे खाली पार्किंगमध्ये, गाडीभोवती उभे होतो. तेजल खांबामागे तोंड दाबून हसत होती. बाबा माझ्याकडे असे बघत होते, जणू मी देवघरात चपला घालून शिरले आहे.

घाटकोपर पूर्वेला पंतनगरात आमची बिल्डिंग आहे. रीडेव्हलपमेंटमुळे एकतीस मार्चला ती रिकामी करायची होती. माणसं भाड्याच्या घरात जाणार होती, पण गाडीसाठी भाड्याचं घर मिळत नाही. गाडी म्हणजे माझ्या देवदत्तकाकाची लाल, दोन दारांची जपानी स्पोर्ट्स कार. नव्याण्णव साली घेतलेली. मागच्या सीटवर फक्त मांजर बसू शकेल अशी. काका दीड वर्षापूर्वी गेला. त्याला बायको-मुलं नव्हती, आणि त्याने लिहून ठेवलं होतं, "गाडी ऋताची." ऋता म्हणजे मी.

काका जन्मभर सांगायचा, "हिचं इंजिन कंपनीतून आलेलं आहे, जसंच्या तसं. पंचवीस वर्षांनी ही सोनं होणार." बाबांनी ते पाठ केलं होतं. गोरेगावचा एक कारागीर गाडी नव्यासारखी करून द्यायला सहा लाख मागत होता. बाबांकडे बरोबर सहा लाख होते, माझ्या अकरावी-बारावीसाठी आणि त्यापुढच्या फीसाठी ठेवलेले. सोमवारी ते भरायचे आणि गाडी पंधरा लाखांना विकून माझं सगळं शिक्षण करायचं, असा बेत होता. त्याआधी किंमत ठरवायला शनिवारी प्रियंकाताई आली होती. ती जुन्या गाड्यांची किंमत काढून देते.

ती माझ्या प्रश्नावर हसली नाही. "किलोचं नंतर बघू," ती म्हणाली. "आधी इंजिन मूळचं आहे का बघते. सगळा खेळ त्यावर आहे."

तिने बॉनेट उघडलं. इंजिनाच्या पुढच्या बाजूला एक सपाट पट्टी असते, तिच्यावर नंबर ठोकलेला असतो. आमच्या पट्टीवर कुंकू आणि तेल यांची जाड खपली धरली होती. प्रियंकाताईने पात्याने ती खरवडली, टॉर्च मारला, आरसी बुकात बघितलं, परत इंजिनात बघितलं.

"काका," ती बाबांना म्हणाली, "हे इंजिन या गाडीचं नाही."

२

बाबा विमा कंपनीत क्लेम तपासतात. लोक गाडीला ओरखडा पडला की अपघात झाला म्हणून सांगतात, आणि बाबा तो ओरखडा बघून सांगतात की हा गेटला घासलेला आहे. असा माणूस खुर्चीत बसून अर्धा तास नुसता आरसी बुक उलटत होता.

"चोरी," ते शेवटी म्हणाले. "चांगलं इंजिन काढून घेतलं आणि कुठलं तरी भंगार बसवलं."

"पण कुणी, विद्याधर?" आईने विचारलं.

"जानेवारीत तीन आठवडे गाडी कुणाकडे होती?"

शिवदासकाकांकडे होती. साकीनाक्याला त्यांचं गॅरेज आहे. काकाची गाडी पहिल्यापासून तेच बघायचे. बिल्डिंग सोडताना गाडी निदान ढकलता यावी म्हणून ब्रेक दुरुस्त करायला बाबांनीच ती त्यांच्याकडे पाठवली होती. बाबांनी लगेच फोन लावला, स्पीकरवर.

"शिवदास, इंजिन बदललंय. तुम्हाला काही माहीत आहे?"

पलीकडे ग्राइंडरचा आवाज होता. तो बंद झाला.

"साहेब," शिवदासकाका म्हणाले, "मला त्यातलं काही विचारू नका." आणि फोन ठेवला.

"बघा," बाबा म्हणाले. "आणखी काय पुरावा पाहिजे? सोमवारी सकाळी पोलिसांत तक्रार, दुपारी गोरेगावला पैसे. इंजिन सापडेपर्यंत बाकीचं काम सुरू होऊ दे."

प्रियंकाताई जाताना मला बाजूला घेऊन म्हणाली होती, "तुझा प्रश्न बरोबर होता गं. मूळ इंजिन असतं तरी हिचे चार लाखांवर कुणी देणार नाही. ही गाडी दिसायला भारी आहे, पण साधी आहे. अशा ढिगाने निघाल्या. आता तर दीडसुद्धा कठीण." मी हे बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "तिला काय कळतंय, दादाला माहीत होतं."

म्हणजे सोमवारी माझे सहा लाख गोरेगावला जाणार होते आणि शिवदासकाका पोलीस स्टेशनला. माझ्याकडे रविवार होता.

"मी शोधून काढते," मी जेवताना जाहीर केलं.

"आधी ताटातली भेंडी संपव," आई म्हणाली.

३

संशयितांची यादी मी गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर केली. तेजलने तिच्या सुंदर अक्षरात लिहिली. पहिलं नाव चौथ्या मजल्यावरच्या धवलदादाचं. त्याने काका असताना तीनदा गाडी विकत मागितली होती.

धवलदादा जिममधून येत होता. आम्ही त्याला लिफ्टपाशी अडवलं.

"तू इंजिन चोरलंस का?" मी विचारलं.

"तुला सरळ विचारायला कुणी शिकवलं?"

"उत्तर दे ना."

"अगं, मला ती फक्त रील्समध्ये उभी करायला हवी होती. लाल रंग, खाली बसकी, बास. आत इंजिन असो नाहीतर पाण्याची टाकी, मला काय फरक पडतो?" तो हसायला लागला. "तुझ्या काकाला मी हेच म्हणालो तर त्याने मला वर्षभर लिफ्टमध्ये घेतलं नाही."

त्याचं नाव खोडलं. ज्याला इंजिन नकोच, तो ते कशाला चोरेल?

दुसरं नाव आईचं. प्रांजल म्हणाली, आई कशी संशयित असेल? मी म्हणाले, जिचा त्या गाडीवर सगळ्यात जास्त राग आहे तिला सोडायचं नसतं. आई डबे पेपरात गुंडाळून खोक्यात भरत होती.

"आई, इंजिन तू काढलंस?"

"मी काढलं असतं तर अख्खी गाडी काढली असती." तिने खोक्यातून एक जाडजूड अल्बम काढून माझ्या हातात दिला. "घे. माझ्या लग्नाचे फोटो छत्तीस आहेत. या इंजिनाचे त्याहून जास्त. दर खंडेनवमीला बॉनेट उघडायचं, इंजिनाला हळद-कुंकू, झेंडू, आणि मग फोटो. भावजी गेले तरी तुझे बाबा तेच करतात. पुसायचं नाही असा नियम. तेलात कुंकू बसलं की बसलं. भावजींना कुणी सांगायचं, इंजिन म्हणजे देव नाही म्हणून."

पुसायचं नाही. मी अल्बम तेजलच्या हातात कोंबला आणि जिना उतरून पार्किंगमध्ये पळाले.

४

प्रियंकाताईने खरवडलेली खपली अजून बॉनेटच्या कडेवर पडली होती. नखाएवढा एक तुकडा. बाजूने बघितला तर खारी बिस्किटासारखे पदर होते. पिवळा, लाल, काळा तेलाचा. परत पिवळा, लाल, काळा.

प्रांजलच्या बॅगेत विज्ञानाच्या प्रयोगाचं भिंग होतं. आम्ही तिघी गाडीच्या चाकाला टेकून बसलो आणि मोजायला लागलो.

"एक पिवळा म्हणजे एक खंडेनवमी," मी म्हणाले.

तेजलने एकोणीस मोजले, प्रांजलने वीस, मी वीस. परत मोजले. तेजल म्हणाली, "हां यार, वीसच आहेत, एक चिकटला होता."

मी भिंग खाली ठेवलं. शिवदासकाकांनी जानेवारीत दुसरं इंजिन बसवलं असतं तर त्यावर एकही थर नसता, कारण शेवटची पूजा ऑक्टोबरात झाली होती. आणि नंबर तर थरांच्या खाली होता. म्हणजे हे इंजिन वीस वर्षं याच गाडीत होतं.

"मग चोरी झालीच नाही?" तेजल म्हणाली.

"थांब. गाडी नव्याण्णवची. नव्याण्णव ते गेल्या दसऱ्यापर्यंत किती?"

प्रांजलने बोटांवर मोजलं. "सव्वीस."

"आणि थर वीस."

सहा दसरे नव्हते. आम्ही अल्बम उघडला. नव्याण्णव, दोन हजार, एक, दोन, तीन, चार. फोटोगणिक पट्टीवरची खपली जाड होत गेलेली. पान उलटलं. दोन हजार पाचचा दसरा. झेंडूची माळ तीच, काकाचा हात तोच. पट्टी स्वच्छ, भांड्यासारखी चकचकीत, आणि तिच्यावर कुंकवाचं एकच ताजं बोट.

माळ इंजिनावर ठेवणारा हात काकाचाच होता. म्हणजे त्याला माहीत होतं. इंजिन मूळचं आहे असं जन्मभर सांगणाऱ्या काकाला माहीत होतं, की ते मूळचं नाही.

५

दोन हजार चारचा दसरा ते दोन हजार पाचचा दसरा, या मधल्या वर्षात काय झालं हे मुंबईत कुणाला विचारावं लागत नाही. माझा जन्मही झाला नव्हता, तरी सव्वीस जुलैच्या पुराची बाबांची गोष्ट मला तोंडपाठ आहे. बाबांचं ऑफिस वांद्रे-कुर्ला संकुलात होतं. पाणी भरलं. बाबांना दमा, आणि पंप संपलेला. संध्याकाळी काका छातीभर पाण्यातून चालत तिथे पोचला, प्लास्टिकच्या पिशवीत पंप घेऊन, आणि दोघं रात्रभर चालत घाटकोपरला आले. गोष्टीच्या शेवटी बाबा नेहमी म्हणतात, "दादा हुशार. गाडी घरीच ठेवून आला होता."

गेटवर गुणाजीमामा होते. आमचे वॉचमन, मालवणचे, बिल्डिंगमध्ये पंचवीस वर्षं.

"मामा, सव्वीस जुलैला पार्किंगमध्ये पाणी आलं होतं?"

"इला म्हणजे काय, कंबरभर इला. सगळ्यांचे गाडये आम्ही ढकलून वर गेटाकडे आणले."

"काकाची पण?"

"तुझ्या काकाची?" त्यांनी तंबाखू मळायची थांबवली. "ती हंय होती खंय गो बाय? तो दुपारीच घेऊन गेललो ना. मगे महिनाभर गाडी दिसूकच नाय."

मेट्रोने घाटकोपरहून साकीनाका म्हणजे काही मिनिटं. तेजल आणि प्रांजलला घरून फोन आले, म्हणून मी एकटीच गेले. आजवर एकटी मी क्लासपलीकडे गेले नव्हते.

रविवार असूनही गॅरेज उघडं होतं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याला ताजा हार. शिवदासकाका एका रिक्षाखालून बाहेर आले आणि मला बघून त्यांचा चेहरा उतरला.

"साहेबांनी पाठवलं?"

"नाही. मी सांगते ते ऐका, तुम्ही काही बोलू नका." मेट्रोत मी हे घोकलं होतं. "त्या दिवशी काका बाबांना आणायला गाडीच घेऊन निघाला. कुर्ल्याच्या अलीकडे कुठेतरी इंजिनात पाणी गेलं. तो गाडी सोडून चालत पुढे गेला. नंतर तुम्ही ती ओढून इथे आणली. इंजिन फुटलं होतं. तुम्ही दुसरं बसवलं. आरटीओत नोंद केली नाही. विम्याचा क्लेमही केला नाही, कारण तो कागद बाबांच्याच टेबलावर गेला असता."

शिवदासकाका चिंधीने एकेक बोट पुसत राहिले.

"जुनं इंजिन आहे का कुठे?" मी विचारलं. मला वाटत होतं असावं. कुठल्या तरी कोपऱ्यात, ताडपत्रीखाली.

"उभं चिरलं होतं ते. त्याच महिन्यात भट्टीत गेलं."

मी स्टुलावर बसले. मी कोडं सोडवलं होतं आणि त्यातून काहीच परत येणार नव्हतं.

"तुम्ही बाबांना फोनवर का नाही सांगितलं? ते तुम्हाला चोर म्हणतायत."

"देवदत्तसाहेब इथंच बसले होते, तू बसलीस तिथं. म्हणाले, शिवदास, विद्याला कळलं की माझ्या गाडीची किंमत त्याच्यापायी गेली, तर तो जन्मभर मनाला लावून घेईल. त्याला दम्याचं औषध आहे, याचं नाही. मी शब्द दिला." त्यांनी चिंधी खांद्यावर टाकली. "आता त्यांनीच सोडवावा तर ते नाहीत. चोर म्हणाले तर म्हणू दे. पण पोरी, तू स्वतः शोधलंस. मी आधी तोंड उघडलेलं नाही, एवढं लक्षात ठेव."

निघताना मी त्यांना गाडीचं एक काम सांगितलं, आणि ते मंगळवारी मोकळा आहे म्हणाले.

६

परत येताना मी ठरवत होते की सांगायचं की नाही. नाही सांगितलं तर शिवदासकाका चोर. सांगितलं तर काका जे अठरा वर्षं लपवत होता तेच बाबांच्या ताटात वाढायचं. वक्तृत्वात दोन्ही बाजूंनी बोलता येतं, पण तिथे शेवटी घंटा वाजते आणि आपण खाली बसतो.

दिवेलागणीला मी जेवणाच्या टेबलावर तीन गोष्टी ठेवल्या. खपली, भिंग, आणि अल्बम, दोन हजार पाचचं पान उघडून. बाबांना पुरावा वाचता येतो.

त्यांनी भिंग लावलं. थर मोजले. परत मोजले. फोटो बघितला, मागचं पान बघितलं.

"पाच साल," ते म्हणाले.

"गुणाजीमामा म्हणतात, त्या दिवशी गाडी इथे नव्हती," मी म्हणाले.

बाबांनी भिंग खाली ठेवलं. मी त्यांना रडताना कधी बघितलं नाही, तेव्हाही बघितलं नाही. ते फक्त श्वास मोजून घेत होते, दमा सुरू व्हायच्या आधी घेतात तसा. आईने गुपचूप पंप त्यांच्याजवळ सरकवला.

"त्याच्या हातात किल्ली होती," बाबा म्हणाले. "चालताना अख्खा रस्ता मुठीत किल्ली होती. मी विचारलं, दादा, गाडी घरी ना? हो म्हणाला. मी रोज खोटे क्लेम पकडतो, शुभा. आणि ही किल्ली मला दिसली नाही."

"तुम्हाला दिसू नये म्हणूनच भावजी बोलले नाहीत," आई म्हणाली. "आता शिवदासना फोन करा."

बाबांनी केला. एवढंच म्हणाले, "शिवदास, माझं चुकलं." पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही, पण फोन बराच वेळ चालला. तक्रारीचा टाइप केलेला कागद त्यांनी फाडला. मला वाटलं, झालं, सुटलो सगळे.

मग बाबा उठले आणि त्यांनी कपाटातून चेकबुक काढलं.

"आता तर उभी करायलाच हवी," ते म्हणाले. "माझ्यामुळे गेली ती. उद्या गोरेगावला पैसे भरतो."

"अहो, पण दीड लाखसुद्धा येणार नाहीत," आई म्हणाली. "ती मुलगी सांगून गेली ना."

"किमतीचं कोण बोलतंय?"

आईने माझ्याकडे बघितलं. मी दिवसभर धावले, मोजलं, शोधलं, एका माणसाला वाचवलं, आणि सकाळी ज्या सहा लाखांसाठी निघाले होते ते गोरेगावला जाणं आता जास्तच पक्कं झालं होतं. सकाळी बाबांना निदान पंधरा लाखांची आशा होती. आता तीही नको होती. आशेशी वाद घालता येतो. याच्याशी कसा घालायचा, मला कुणी शिकवलं नव्हतं.

बाबांनी पेनाचं टोपण काढलं. चेकवर तारीख घातली.

मी त्यांच्यासमोरच्या खुर्चीची पाठ धरली.

"बाबा, काकाने गाडी तुझ्या नावावर नाही ठेवली," मी म्हणाले. "माझ्या नावावर ठेवली. त्याला माहीत होतं, तुला कधी कळलं तर तू काय करशील ते."

"ऋता, तू लहान आहेस."

"आहे. तरी ऐक. आई, तूही ऐक." माझा आवाज वक्तृत्वातला नव्हता, चिरका येत होता. "गाडी मी दुरुस्त करायला देणार नाही. उद्या नाही, पुढेही नाही. मी शिवदासकाकांना सांगून आलेय, मंगळवारी शाळा सुटल्यावर ते ओढून न्यायला येतील, आणि त्यांच्या गॅरेजमध्ये सुटे भाग करून विकतील. दरवाजे एकाला, दिवे एकाला, इंजिन ज्याला हवं त्याला. जे येईल ते तिघांनी बसून ठरवू. मी तिथे शेवटचा बोल्ट निघेपर्यंत उभी राहणार आहे. तू आलास तर मला बरं वाटेल, बाबा. पण तू नाही आलास तरी मी हेच करणार."